कारवाल्यांनी, बसवाल्यांनी नीट चालवावं म्हणून आपण काय करू शकतो? सायकल-बाइकवाल्यांनी सांगा

देवळाईकर

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरात देवळाई चौकातून वाळूज एमआयडीसीला सायकलवर जातो, पावसाळ्यात बाइक. बीड बायपासवर ज्यांनी गाडी चालवली त्यांना जास्त सांगायची गरज नाही. कट मारणं तर रोजचंच, पण शिफ्ट सुटायच्या टायमाला कंपन्यांच्या बस अशा पळायलेत की आरसा खांद्याला घासून जातो की काय असं वाटतं, आणि कारवाले हॉर्न देत देत पुढं येतात अन् लगेच डावीकडं वळतात, आपण तिथं आहोत हे त्यांच्या गावीच नसतं. एकाला सिग्नलला गाठून बोललो तर काच खाली करून थेट "रोड तुझ्या बापाचाय का" इथपर्यंत गेला.

हेल्मेट, लाइट, ब्रेक हे मी माझं बघतो, त्यावर लेक्चर नको. समोरच्याच्या वागण्यात फरक पडावा म्हणून रस्त्यावर किंवा रस्त्याबाहेर कुणी काही केलंय का, अन् खरंच फरक पडला का, एवढंच विचारायचंय.

सकाळची_चक्कर

पहिली गोष्ट, काठाला चिकटून चालवू नका. आपण काय करतो, मुरुमातून, खडीतून सायकल हाणत राहतो, मग मागचा म्हणतो हा बाजूलाच आहे, ब्रेकवर पाय पण ठेवत नाही आणि तेवढ्या फटीतून काढतो, नेमका तेव्हाच खड्डा येतो अन् आपण आत सरकतो. शहरातल्या रस्त्याला डांबराच्या कडेपासून दीड-दोन हात आत, सरळ रेषेत चालवा. तुम्हाला ओव्हरटेक करायला त्याला स्टेअरिंग वळवावं लागलं पाहिजे, वळवायचं म्हटलं की माणूस आपोआप मागचं-पुढचं बघतो. हे हायवेला नाही हां, तिथं साइडपट्टी बरी असेल तर गुमान तिकडूनच जा.

वळायच्या आधी नुसता हात दाखवू नका, आधी मान वळवून मागं बघा. मागं बघणारा माणूस दिसला की ड्रायव्हरला कळतं हा आता काहीतरी करणारे, बहुतेक जण तिथंच स्लो होतात. आणि ज्यानं जागा दिली त्याला हात करा. लै लोक हसतात याला, पण शिफ्टच्या टायमाला त्या रोडला रोज तेच ते ड्रायव्हर असतात, महिन्याभरात ओळखायला लागतात आणि ओळखीच्या माणसाला कुणी कट मारत नाही.

अजून एक, सुरुवात घरच्या कारवाल्यापासून करा. उभ्या कारचं दार फटकन उघडतं अन् सायकलवाला जाऊन आदळतो, हे गुलमंडीसारख्या गर्दीत कधी पण होऊ शकतं. ड्रायव्हरनं दार डाव्या हातानं उघडायचं, उजव्या नाही. डावा हात पलीकडं नेला की अंग वळतं अन् नजर आपसूक मागं जाते. हॉलंडमध्ये ही सवय जुनी आहे, ब्रिटननं तर 2022 मध्ये त्यांच्या रस्त्याच्या नियमावलीतच टाकलंय. आमच्या मेव्हण्याला शिकवलं, आता तो मागं बसणाऱ्याला पण दम देतो.

हायवावाला_जालना

मी हायवा, म्हणजे मोठा टिप्पर चालवतो. वाचत होतो, म्हटलं आपण पण लिहावं, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तुम्ही लोक म्हणता ट्रकवाला बघत नाही. भाऊ, दिसतच नाही तर बघणार काय. आमच्या गाडीच्या नाकाला लागून आणि डाव्या दाराच्या खाली बाइक उभी असली तर वरून काहीच कळत नाही. पहिले किन्नर (क्लीनर) असायचा, तो डावीकडून मुंडी काढून बघायचा, आता बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच. सोपा हिशोब सांगतो, तुम्हाला आमच्या आरशात आमचं तोंड दिसत नसेल तर आम्हाला तुम्ही दिसत नाही. आणि मोठी गाडी डावीकडं वळवायची तर आधी नाक उजवीकडं काढावं लागतं, बाइकवाल्याला वाटतं हा उजवीकडं चालला, घुसतो डावीकडून, अन् मागची चाकं पुढच्यापेक्षा आतून येतात. त्या जागेत कधीच येऊ नका, इंडिकेटर असो नसो.

हॉर्नचं पण तसंच, आम्ही हॉर्न दिला म्हणजे शिवी दिली असं नसतं, मी आलोय एवढंच असतं. तुम्ही मागं न बघता हात हलवून वैतागता मग इकडं पण डोकं सरकतं.

ड्रायव्हरला सांगायचं तर गाडी उभी असताना सांगा. वजनकाट्यावर, क्रशरवर, हॉटेलवर. चहा सांगा अन् बोला, कुणी पण ऐकतो. आणि एकदा केबिनमध्ये चढून बघा म्हणावं दोस्तांना, खाली एकाला सायकल घेऊन फिरवा, कुठं कुठं गायब होतो ते बघा. खरं तर मालकाला पण बोला, खेपेवर पैसे असले की ड्रायव्हर पळवणारच, त्याला घरी लेकरं नाहीत असं थोडंच आहे.

बालाघाट_राइडर

हात करा, चहा पाजा, सगळं छान आहे पण म्हणजे मार खाणाऱ्यानंच गोड बोलायचं का? 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यात 44 टक्क्यांच्या वर दुचाकीवाले. जर्मनीत 2020 पासून सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर अन् गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, आपल्याकडं दोन वीत मिळाले तरी नशीब.

कायदा वापरा. मोटार वाहन कायद्याचं कलम 184, 2019 च्या दुरुस्तीनंतर मोबाइल हातात घेऊन चालवणं, सिग्नल तोडणं, नियम सोडून ओव्हरटेक करणं, उलट दिशेनं येणं हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलंय. पहिल्या वेळेला 1,000 ते 5,000 दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद. महाट्रॅफिक अॅपवर फोटो टाकून तक्रार करता येते, फक्त गाडी बाजूला लावून टाका, चालवता चालवता मोबाइल काढला तर तुम्हीच 184 मध्ये.

आणि कंपनीच्या बसचं तर सगळ्यात सोपंय. बसवर कंपनीचं किंवा ट्रॅव्हल्सवाल्याचं नाव असतं. बस नंबर, टाइम, ठिकाण लिहून कंपनीच्या अॅडमिनला मेल टाका. शिव्या नाही, तीन ओळी. कॉन्ट्रॅक्ट जायची भीती ट्रॅफिक पोलिसापेक्षा मोठी असते.

एक मात्र आपल्याच लोकांना सांगतो. डिव्हायडर लांब पडतो म्हणून राँग साइडनं येणारे नव्वद टक्के बाइकवालेच दिसतात मला. आधी ते बंद करा, मग कारवाल्यांना शिकवू.

मांजराकाठची

लातूरकडची आहे, स्कूटीवर शाळेत जाते. आमच्याकडं कारपेक्षा भीती उसाच्या ट्रॅक्टरची. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, टेपवर गाणी एवढ्या आवाजात की हॉर्न ऐकूच जात नाही. अंधारात मागून येणाऱ्याला ऊस दिसतो तो अगदी जवळ गेल्यावर. 60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते, ब्रेक कधी दाबणार?

आमच्या गावच्या पोरांनी वर्गणी काढून रिफ्लेक्टर टेपचे रोल आणले अन् थेट कारखान्याच्या केनयार्डात गेले. तिथं ट्रॅक्टर नंबर लागायची वाट बघत तासन् तास उभे असतात, ड्रायव्हर रिकामे. पोरांनी ट्रॉल्या पुसून टेप चिकटवली, ड्रायव्हरांनीच मदत केली, कुणी नाही म्हणालं नाही. धूळ अन् चिखल बसतो म्हणून सीझनमध्ये पुन्हा पुसावी लागते, नाहीतर चमकत नाही. गाण्याचा आवाज काही कमी झाला नाही, ते सोडून द्या.

आणि ते "ताई, लाइट चालू आहे" म्हणून बोटं उघडझाप करणारे काका अजून भेटतात. अहो 2017 पासून नव्या गाड्यांचा लाइट बंदच होत नाही, समोरच्याला आम्ही दिसावं म्हणूनच आहे तो.

देवळाईकर

धन्यवाद सगळ्यांना. @बालाघाट, राँग साइडचं मान्य, आमच्या पार्किंगमधून निघणारे निम्मे तसेच येतात. मेलचं आजच करतो. आणि हायवावाल्या भाऊंचं केबिनचं वाचून एक सुचलं, 4 मार्चला सेफ्टी डेला आमच्याकडं शपथ अन् पोस्टर एवढंच होतं, यंदा बस ड्रायव्हरांना पण बोलवा म्हणून सेफ्टी ऑफिसरला सांगणार. बस ग्राउंडवर उभी करायची, भोवती सायकली लावायच्या, आमची पोरं ड्रायव्हर सीटवर अन् ड्रायव्हर सायकलवर.

हायवावाला_जालना

भारी आयडिया. पण सेकंड शिफ्ट सोडून आल्या आल्या बोलवू नका त्यांना, तेवढाच टाइम मिळतो झोपायला. अर्धवट झोपेतला ड्रायव्हर पुढच्या खेपेला तुमच्याच मागं असणारे.