मापात पाप, पण उलटं : याला मराठी शब्द काय?

महाद्वार रोडवरून पँट आणली. लेबलावर ३४. घरी टेप लावला तर कंबर भरली ३६! दहा वर्षांपूर्वी मला ३६ नंबरच लागायचा आणि कंबर तेव्हाही एवढीच होती. बायको म्हणाली, "बारीक झालासा की!" इंग्रजीत या प्रकाराला 'व्हॅनिटी सायझिंग' म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद : 'खूशमाप' कसं वाटतं? खूशमस्करीच्या चालीवर. नाहीतर आपलं 'मापात पाप' आहेच की.

प्रतिसाद : 'मापात पाप' इथं बसत नाही. त्यात दुकानदार जास्त सांगून कमी देतो. इथं कापड जास्त देतो आणि आकडा कमी सांगतो. गिऱ्हाईक उलट खूश होऊन दोन पँटी घेतं. 'खूशमाप'लाही माझी हरकत आहे. माप अंगाचं असतं, टेपनं घेतात, ते खोटं नसतं. लेबलावर असतो तो नंबर. नंबर म्हणजे नुसतं नाव, कुणीही बदलावं. अमेरिकेत बायकांच्या कपड्यांच्या नंबरांचं १९५८ साली सरकारी प्रमाण ठरलं. त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच. पाळायची सक्ती नव्हती, १९८३ मध्ये तेही मागं घेतलं. आज तिथल्या दुकानात ८ नंबर त्याहून बराच मोठा निघतो. पण तिथला ८ निदान इंच असल्याचा आव तरी आणत नव्हता. पुरुषांच्या पँटीवरचा ३४ तो आणतो, म्हणून तो जास्त लबाड.

चपलेचं बघा. इंग्लिश नंबर एकानं वाढला की लांबी इंचाचा तिसरा हिस्सा वाढते. नंबर लांबीला बांधलेला, म्हणून तो सरकत नाही. शिवाय पायाला कोण लाडीगोडी लावणार? पापाच्या तिकटीला, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, जाऊन नंबर सांगितला तरी "पाय घालून बघा" म्हणतातच.

(जाता जाता : 'मापं काढणं' म्हणजे एखाद्याची टर उडवणं, हा अर्थ कोशात आहे का? आमच्या कट्ट्यावर रोज वापरात आहे.)

प्रतिसाद : आमच्या घरी शिवणकाम होतं. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला 'माया' म्हणतात. "मागच्या शिवणीत दोन इंच माया ठेवा," हे गिऱ्हाईकच सांगायचं. जूनमध्ये शाळेचे गणवेश 'वाढत्या अंगाचे' शिवायचे, पोरगं दोन वर्षं त्यात ढगळ दिसायचं. अंग सुटलं की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची. तयार पँटीत बहुधा ती नसतेच. मला वाटतं कंपन्यांनी ती शिवणीतून काढून लेबलात घातली. म्हणून माझा शब्द : 'मायेचा नंबर'.

मूळ प्रश्नकर्ता : 'मायेचा नंबर' पसंत. काल आमच्या टेलरमास्तरांकडं गेलो होतो. त्यांनी मापांची जुनी वही काढली. माझ्या नावापुढं कंबर ३६, सीट ४०. परत टेप लावला. कंबर ३६, सीट ४०. बायकोला अजून सांगितलेलं नाही.