बाराव्या सुनीतातलं घड्याळ

शेक्सपिअरच्या काळावरच्या एका सुनीताचा (सॉनेट, चौदा ओळींची कविता) क्रमांक 12 म्हणजे घड्याळाचे तास, असं कुणी म्हटलं तर मुद्दा आकर्षक आहे. 60व्या सुनीतात मिनिटंही येतात. पण सुनीतांच्या 1609च्या पहिल्या आवृत्तीतला क्रम कवीनेच लावला याला पुरावा नाही, त्यामुळे त्यावर फार भिस्त नको.

खरं घड्याळ पहिल्या ओळीत आहे: ‘When I do count the clock that tells the time’. दहा शब्द, दहाही एकेका उच्चारखंडाचे (सिलॅबलचे), आघात एकाआड एक: सरळ टिकटिक. पुढे आठव्या ओळीपर्यंत नुसतं ‘जेव्हा... जेव्हा’, मुख्य वाक्य उघडतं नवव्या ओळीत: ‘तेव्हा’ तुझ्या, म्हणजे ज्याला उद्देशून कविता आहे त्याच्या, सौंदर्याचं काय, हा प्रश्न. मोठ्याने वाचताना चौथ्या ओळीला आवाज खाली टाकला की ताण गेलाच. मराठीत आणणारे हमखास इथेच फसतात: प्रत्येक ‘जेव्हा’ला लगेच ‘तेव्हा’ जोडून मोकळे होतात.

सातवी-आठवी ओळ सगळ्यात दाट. उन्हाळ्याची हिरवाई पेंढ्यांत बांधून नेली जाते, पण ज्यावरून नेतात ती तिरडी आहे, आणि कणसांची कुसळं म्हणजे प्रेताची पांढरी, खरखरीत दाढी. मग शेवटच्या दोन ओळींत काळाच्या हाती कापणीचंच हत्यार दिसतं. त्यावर सुचवलेला उपाय, संतती, मला सपकच वाटतो. पण पहिल्या 17 सुनीतांचा सूरच तो. कविता टिकेल आणि तिच्यात तूही, हा दावा ठणकावून येतो तो 18व्यात.