आठवड्याच्या गावपत्रकात काय घ्यावं आणि काय गाळावं?

घाटावरची (वाई)

नमस्कार. आमच्या आळीतल्या आम्ही काही जणी दर शनिवारी एका पानाचं पत्रक काढतो. आठवड्यात गावात काय झालं, पुढं काय आहे, एवढाच मजकूर. एक प्रत वाण्याच्या दुकानात, एक गिरणीत, एक देवळाच्या ओवरीत लावतो आणि त्याचाच फोटो ग्रुपवर टाकतो.

पान भरायला अडचण येत नाही, पण भरतं ते सत्कारांनी. अमक्याची निवड, तमक्याचा वाढदिवस, शिबिराचं उद्घाटन, एक रोपटं आणि त्याभोवती दहा माणसं. पाठवणारे सगळे ओळखीचे, त्यामुळं नाही म्हणवत नाही. मागे टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहणार होतं. सूचना वेळेवर लागली होती, ग्रुपवरही आली होती. पण त्याच दिवशी तिच्यावर शुभेच्छांचा इतका ढीग पडला की शेजारच्या आजींपर्यंत ती पोचलीच नाही. त्या एकट्या राहतात, गुडघ्यांनी हैराण आहेत. दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन त्या जिना उतरताना दिसल्या आणि मला फार वाईट वाटलं. आपण दर आठवड्याला पान काढतो आणि आपल्याच भिंतीपलीकडच्या बाईला कामाची गोष्ट कळत नाही.

आता पावसाळा तोंडावर आहे. गटारं, जुन्या वाड्यांच्या भिंती, धोम धरणाचं पाणी, शाळेचे दाखले, सगळं एकदम येईल. पानावर काय घ्यावं? नगरपालिकेतली माहिती कुठून आणि कशी मिळवावी? आणि पत्रकावर कुठल्या पार्टीचा शिक्का बसू नये म्हणून काय करावं? अनुभवी मंडळींनी सांगावं.

---

आयर्विनकर (सांगली)

ताई, जुलै-ऑगस्टमध्ये आम्हा सांगलीकरांना दुसऱ्या कुठल्या बातमीत रस नसतो. कोयनेतून विसर्ग किती आणि आयर्विन पुलाला पाणी किती फूट, बस्स. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आकडा आला की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरमधली माणसं ठरवतात की फ्रिज माळ्यावर चढवायचा की ट्रॅक्टर बोलवायचा. कोयनेचं पाणी इथवर यायला बरेच तास लागतात. तेवढे तास हातात मिळतात ते त्या एका आकड्यामुळं.

तुमच्याकडं कुणी जाणत्या माणसाला विचारून एक टिपण करून ठेवा: धोममधून इतके क्युसेक सोडले की घाटाच्या कुठल्या पायरीला पाणी लागतं, कुठल्या आळीनं गाड्या हलवायच्या. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू पुराचं पाणी कापायला माशाच्या आकाराची बांधलेली आहे. देऊळ १७६२ चं. म्हणजे त्या माणसांनी पूर यायच्या आधीच त्याचा हिशेब केला होता. पत्रकानंही तेच करावं.

---

आवकजावक

ताई, माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत आवक-जावक टेबलावर गेली. कचेरीत येणारा आणि कचेरीबाहेर जाणारा कागद माझ्या हातावरून गेला म्हणून अधिकारानं सांगतो. झालेली गोष्ट एका ओळीत संपवा आणि व्हायच्या गोष्टीला पान द्या. उद्घाटनाचा फोटो चार दिवसांनी बघितला म्हणून कुणाचं काही अडत नाही. हरकतीची मुदत चार दिवसांनी कळली तर माणूस वर्षानुवर्षं पैसे भरत बसतो.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. कर आकारणीची सुधारित यादी लागली होती. भाजी विकणाऱ्या एका बाईची पत्र्याची खोली यादीत आरसीसी, म्हणजे पक्क्या काँक्रीटची, म्हणून पडली होती. यादी बोर्डावर होती, मुदतही होती, पण ती बाई पहाटे मंडईत जायची आणि अंधार पडल्यावर घरी यायची. तिला कोण सांगणार? मुदत संपल्यावर बिल घेऊन ती माझ्या टेबलाशी उभी राहिली. बिलाची घडी इतक्या वेळा घातली होती की आकड्यावरच कागद फाटला होता. गल्लीतल्या दुकानावर तुमच्यासारखं एखादं पान असतं आणि त्यावर ‘यादीत आपलं नाव व बांधकामाचा प्रकार तपासा, अमुक तारखेपर्यंत’ एवढंच लिहिलेलं असतं, तर तिचं काम एका अर्जात झालं असतं. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढतो. चार-सव्वाचार वर्षांत तो मूळ रकमेला गाठतो.

आता माहिती कुठून मिळवायची ते सांगतो. आठवड्यातून एकदा नोटीस बोर्डापुढं उभ्या राहा आणि घाई करू नका. कागद एकावर एक टाचलेले असतात, वरचा कागद नवाच असेल असं नाही. प्रत्येक कागदाचा जावक क्रमांक आणि दिनांक आधी उतरवा. मग विषय वाचा. मधले ‘संदर्भ’ आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ सगळं सोडा आणि थेट शेवटच्या परिच्छेदावर जा. हरकती-सूचना किती दिवसांत, लेखी कुणाकडं, हे तिथं असतं. तुमची बातमी तीच. दिवस कधीपासून मोजायचे तेही बघा: सूचना प्रसिद्ध झाल्यापासून, की नोटीस हातात मिळाल्यापासून. या फरकावर माणसं हरलेली मी पाहिली आहेत. बोर्डाचा नुसता फोटो टाकू नका. शासकीय मराठी वाचता वाचता माणूस थकतो. तारीख, ठिकाण, सोबत काय न्यायचं, असं साध्या भाषेत लिहा.

दुसरी जागा सभेची विषयपत्रिका. आपल्या नगरपालिका १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमावर चालतात. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी निघावी लागते, सोबत विषय असतात. सभा नागरिकांना खुली असते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. मधली काही वर्षं बहुतेक ठिकाणी प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, सभागृहं पुन्हा भरू लागली, म्हणजे विषयपत्रिकेला पुन्हा जीव आला. तुमच्या आळीचा, पाण्याचा, मंडईच्या गाळ्यांचा विषय असेल तर सभेच्या आधीच्या शनिवारी छापा. माणूस आपल्या नगरसेवकाला गाठून सांगू शकेल. सभा झाल्यावर ‘ठराव मंजूर’ छापून त्याच्या हातात काय राहतं?

एखादा कागद बोर्डावर नसेल आणि बघायचा असेल तर लगेच माहिती अधिकारात शिरू नका. २०१८ च्या शासन परिपत्रकानं दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये नागरिकांना अभिलेख, म्हणजे कचेरीतले कागद, बघायची सोय करून दिलेली आहे. जाऊन नम्रपणे मागा. टेबलावरच्या माणसाला रोज ओरडणारेच भेटतात, नीट विचारणारा आला की तो स्वतः फाईल शोधून देतो. तरी नाहीच मिळालं तर १० रुपयांचा अर्ज आहेच, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शिक्का बसू नये म्हणता, तर एक पथ्य पाळा. कामाच्या बातमीत व्यक्तीचं नाव घालू नका, पद किंवा विभाग लिहा. ‘यांच्या प्रयत्नातून’, ‘यांच्या शुभहस्ते’ हे शब्द पानावर येऊच देऊ नका, मग ते कुणाचेही असोत. पहिले काही आठवडे लोक रुसतील. सगळ्यांना सारखाच नियम आहे हे दिसलं की गप्प बसतील.

आणि हे पान छापून नियमित वाटायचा विचार असेल तर आधी नोंदणीचं बघून घ्या. १८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. जाणत्या वकिलाला एकदा विचारा.

---

कोथरूडची वाईकर

काकांचं पटलं, पण पान इतकं कोरडं करू नका हो. मी पुण्यात राहते, दर शनिवारी ग्रुपवर पत्रकाची वाट बघते. मला करआकारणीपेक्षा कोण गेलं हे आधी बघायचं असतं. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचं मला दोन महिन्यांनी कळलं. पोचता आलं असतं, नक्की आले असते. निधनाची बातमी काढू नका. फोटो नको, आडनावापुढची विशेषणं नकोत. नाव, आळी, रक्षाविसर्जन किती वाजता, दहावा कुठल्या घाटावर, एवढं पुरे. तीही व्हायच्या गोष्टीचीच बातमी आहे ना?

तसंच टिळक स्मारकाची वसंत व्याख्यानमाला, कृष्णाबाईचा उत्सव, रंगपंचमीला बावधनची बगाड यात्रा. यांची बातमी आधीच्या शनिवारी आली तर आम्ही बाहेरगावचे रजा टाकू शकतो. आणि बगाडाच्या दिवशी एसटी कुठून सुटणार हे आई दरवर्षी मला फोन करून विचारते, मी तिला पुण्यातून काय सांगणार!

---

चावीवाल्याची लेक (कराड)

माझे वडील पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन, म्हणजे चावी फिरवून पाणी सोडणारे, होते, म्हणून फक्त पाण्याबद्दल लिहिते. ‘सकाळी ६ वाजता पाणी’ ही व्हॉल्व्ह फिरवायची वेळ असते. लाइनच्या शेवटच्या, चढावरच्या घरात धार धरायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. तिथली बाई सहाला उठून नळाशी बसते आणि पाणी आलं नाही म्हणून चिडते. तुम्ही दोन वेळा लिहा, पहिल्या घराची आणि शेवटच्या घराची. ही माहिती साहेबांकडं नसते. ज्याच्या खांद्यावर चावी असते त्याला विचारा, तो घरं सांगेल.

टाकी धुतल्यानंतर किंवा लाइन दुरुस्त झाल्यानंतर पहिलं पाणी गढूळ येतं. ‘पहिली बादली पिण्यासाठी भरू नये, झाडांना घालावी’ हे प्रत्येक वेळी छापा. पावसाळ्यात पाण्याला टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास आला की लोक घाबरून तक्रार करतात. तो वास म्हणजे क्लोरीन शेवटपर्यंत पोचलंय. वडील नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाकून पिवळा रंग बघायचे. शेवटच्या घरी रंग फिका पडला की त्यांना जेवण जायचं नाही. एखाद्या आठवड्यात त्या तपासणीबद्दलही लिहा. आया-बायांना पटकन समजतं.

---

घाटावरची (वाई)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आम्ही सगळ्या जणी बसलो होतो, तुमची उत्तरं मोठ्यानं वाचली. पानाची वरची अर्धी बाजू ‘येत्या आठवड्यात’साठी राखून ठेवायचं ठरलं. त्याखाली निधन, मग कार्यक्रम, आणि वाढदिवस बंद. निवड-सत्कार एका ओळीत, विशेषणाशिवाय. जुन्या वाड्यांची एक कायमची चौकट घेतोय: भिंतीला पोट आलं, तुळईखाली माती पडायला लागली, तर घरमालक-भाडेकरू वादाची वाट न बघता लगेच लेखी कळवा. आमच्या आळीत अशी दोन घरं आहेत आणि दोन्हींत म्हातारी माणसं राहतात.

ओवरीतली प्रत मोठ्या अक्षरात हातानं लिहिणार. आजींना फोन दिसत नाही, पण संध्याकाळी त्या देवळात येतात. शिवाय प्रत्येकीनं आपल्या बाजूची एकटी राहणारी घरं वाटून घेतली आहेत. पाण्याची सूचना असेल तर दार वाजवून सांगायचं.

काका, पहिल्या पानाचा मजकूर असा केलाय, बघून सांगाल का? ‘घरपट्टीबाबत हरकत असल्यास लेखी अर्ज पंधरा तारखेपर्यंत कर विभागात द्यावा. सोबत मागील पावती व घराचा फोटो न्यावा. अर्जाची पोच घ्यावी. मुदत वाढण्याची शक्यता आहे.’

---

आवकजावक

झकास झालंय. दोन दुरुस्त्या. ‘पोच घ्यावी’ च्या जागी ‘अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये’ असं लिहा. तोंडी ‘दिलाय अर्ज’ ला पुढं कुणी विचारत नाही.

आणि शेवटचं वाक्य काढून टाका. मुदत वाढणार ही चर्चा प्रत्येक वेळी होते, तिच्या भरवशावर लोक थांबतात. वाढीचा लेखी आदेश जावक क्रमांकासह बोर्डावर दिसेपर्यंत पंधरा तारीखच छापा, आणि ठळक.