माँट्रियल २०२४ : एकोणिसावा माणूस कांस्यपदकापर्यंत पोचलाच कसा?

नवशिका_प्रेक्षक यांचा प्रश्न :

मार्च २०२४ मध्ये माँट्रियलला झालेल्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेतला पुरुषांचा निकाल समजून घ्यायचा आहे. पहिले चार असे :

इलिया मॅलिनिन (अमेरिका) १०५.९७ + २२७.७९ = ३३३.७६
युमा कागियामा (जपान) १०६.३५ + २०३.३० = ३०९.६५
आदम सिआओ इम फा (फ्रान्स) ७७.४९ + २०६.९० = २८४.३९
शोमा ऊनो (जपान) १०७.७२ + १७३.१३ = २८०.८५

पहिला आकडा शॉर्ट प्रोग्रॅमचा, दुसरा फ्री स्केटचा. शॉर्टनंतर ऊनो पहिला होता आणि सिआओ इम फा एकोणिसावा. मग ऊनो पदकाविना आणि एकोणिसावा कांस्यपदक घेऊन गेला, हे गणित काय आहे? मॅलिनिनचे २२७.७९ कशातून आले? आणि गुणपत्रकात उड्यांपुढे x, q, < अशी चिन्हं असतात ती कशी वाचायची?

---

बाहेरची_कड :

आधी एकोणिसाव्याचं बघू. शॉर्ट संपल्यावर क्रमांक पुढे जात नाही, गुण जातात. पहिले २४ जण फ्रीमध्ये येतात. त्या २४ मध्ये बसलात की तुम्ही शर्यतीत आहात, एवढंच.

शॉर्टनंतर सिआओ इम फा ऊनोच्या ३०.२३ गुणांनी मागे होता. फ्रीमध्ये त्याने ऊनोपेक्षा ३३.७७ जास्त मिळवले. वजाबाकी केलीत की ३.५४ उरतात, तेच कांस्यपदकाचं अंतर. फ्रीमध्ये तो मॅलिनिनच्या मागोमाग दुसरा होता, कागियामाच्याही पुढे. हे निकालात पटकन दिसत नाही.

जुन्या ६.० च्या पद्धतीत (परीक्षक सहापैकी गुण द्यायचे ती) हे जमलंच नसतं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकपर्यंत हिशोब असा असायचा : शॉर्टमधल्या क्रमांकाचा निम्मा अधिक फ्रीमधला क्रमांक, ज्याची बेरीज कमी तो वर. त्या हिशोबाने सिआओ इम फाचे होतात ९.५ + २ = ११.५. ऊनो शॉर्टमध्ये पहिला म्हणजे ०.५; तो फ्रीमध्ये दहावा आला असता तरी त्याची बेरीज १०.५ झाली असती आणि तो पुढेच राहिला असता. तेव्हा शॉर्टमध्ये पहिल्या तिघांत नसाल तर सुवर्ण तुमच्या हातात नसायचं, दुसऱ्यांच्या चुकांवर असायचं.

आता शॉर्टमध्ये माणूस ३० गुणांनी मागे पडतो कसा? शॉर्टमध्ये उड्यांच्या जागा फक्त तीन : एक अ‍ॅक्सल (पुढे तोंड करून मारायची उडी, डबल किंवा ट्रिपल), एक एकटी उडी, एक जोडउडी. पुरुषांची एकटी उडी किमान ट्रिपल लागते. हवेत शरीर वेळेआधी उघडलं आणि ट्रिपलची डबल झाली, की डबलचे गुण मिळत नाहीत, शून्य मिळतो. अ‍ॅक्सल एकेरी झाली तरी शून्यच. फ्रीमध्ये तीच फुटलेली उडी निदान डबलचे चार आणे तरी देते. म्हणून शॉर्टमध्ये पडणं परवडतं, उडी फुटणं परवडत नाही.

पडण्याचा हिशोब क्वाड लुट्झवर, म्हणजे चार फेऱ्यांच्या लुट्झ उडीवर, करून दाखवतो. मूळ किंमत ११.५०. पूर्ण फिरून पडलात तर दर्जाचे (परीक्षक −५ ते +५ देतात ते) उणे पाच, म्हणजे किंमत निम्म्याने खाली, उणे ५.७५, वर पडण्याचा दंड १. हातात ४.७५. तीच उडी स्वच्छ उतरून अधिक तीन मिळाले तर १४.९५. एका पडण्याची किंमत १०.२० गुण. अशा दोन-तीन गोष्टी बिघडल्या की तीस गुण कुठे गेले ते शोधावं लागत नाही.

आणखी एक. एकोणिसावा म्हणजे फ्रीमध्ये पहिल्याच गटात, कारण सहा-सहाच्या गटांत मागचे आधी उतरतात. २०६.९० टाकून तो आघाडीवरच्याच्या खुर्चीत बसला आणि पुढचे तीन गट एकेक करून त्याच्या खाली येत गेले. भारतात तेव्हा २४ मार्चची, होळीच्या दिवसाची पहाट होती.

---

गुणपत्रक_वाचक :

वरचा प्रतिसाद नेमका आहे. मी मॅलिनिनचा हिशोब मांडतो. त्याच्या फ्रीमधल्या सात उड्या, क्रमाने :

१. क्वाड अ‍ॅक्सल – १२.५०
२. क्वाड लुट्झ – ११.५०
३. क्वाड लूप – १०.५०
४. क्वाड साल्काव्ह – ९.७०
५. क्वाड लुट्झ + ऑयलर (मधली जोडणारी छोटी उडी) + ट्रिपल फ्लिप – १७.३०
६. क्वाड टो लूप + ट्रिपल टो लूप – १३.७०
७. ट्रिपल लुट्झ + ट्रिपल अ‍ॅक्सल – १३.९०

सहा क्वाड. क्वाड फ्लिप सोडून सगळे प्रकार एकाच कार्यक्रमात. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना दहा टक्के जास्त मिळतात, गुणपत्रकातला x तोच. म्हणजे ५, ६, ७ मिळून ४४.९० चे झाले ४९.३९. पहिल्या चारांचे ४४.२०. नुसत्या उड्यांची मूळ किंमत ९३.५९, त्यात दर्जाचा एकही गुण धरलेला नाही. वर तीन स्पिन, पदन्यास, कोरिओग्राफीचा तुकडा आणि परीक्षकांचे कलागुण.

क्रम नीट बघा. तिन्ही जोडउड्या शेवटी आहेत. फ्रीमध्ये जोडउड्या तीनच मिळतात, आणि त्यांची किंमत मोठी म्हणून दहा टक्केही मोठे : ४.४९. त्याऐवजी शेवटी एकट्या लुट्झ, लूप आणि साल्काव्ह ठेवल्या असत्या तर ३.१७ मिळाले असते. १.३२ गुणांसाठी चार मिनिटांच्या कार्यक्रमात दमलेल्या पायांनी तीन जोडउड्या मारायच्या! याला जिगर म्हणा नाहीतर हिशोबी वेडेपणा. शेवटची तर ट्रिपल लुट्झवर उतरून लगेच पुढच्या दिशेने पाऊल टाकून ट्रिपल अ‍ॅक्सल. लुट्झच्या उतरण्यात वेग गेला की ती अ‍ॅक्सल होतच नाही.

अ‍ॅक्सलची किंमत एवढी का? बाकीच्या पाचही उड्या मागच्या दिशेने जाताना मारतात. अ‍ॅक्सल तेवढी पुढे तोंड करून, आणि उतरायचं मात्र मागेच. त्यामुळे अर्धी फेरी जास्त, क्वाड अ‍ॅक्सल म्हणजे साडेचार फेऱ्या. स्पर्धेत ती पहिल्यांदा पूर्ण उतरवली मॅलिनिननेच, सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला.

२२७.७९ हा फ्रीचा जागतिक विक्रम झाला, आधीचा नेथन चेनचा २२४.९२. एकूण गुणांचा विक्रम मात्र चेनकडेच राहिला, ३३५.३०, तूरिन, डिसेंबर २०१९. बातम्यांमध्ये हे दोन्ही सर्रास एकत्र कालवले गेले.

---

अर्धी_फेरी :

@गुणपत्रक_वाचक, एक दुरुस्ती. “उत्तरार्धातल्या उड्यांना दहा टक्के” हा जुना नियम. तेव्हा लोक सगळ्याच्या सगळ्या उड्या उत्तरार्धात कोंबायचे आणि पहिला अर्धा वेळ हात हलवत फिरायचे. २०१८-१९ पासून फ्रीमध्ये फक्त शेवटच्या तीन उड्यांना आणि शॉर्टमध्ये फक्त शेवटच्या एकीला जास्तीचे मिळतात, त्याही उत्तरार्धात पडल्या तरच. तुमची बेरीज बरोबरच आहे, वाक्य तेवढं जुनं.

बाकीची चिन्हं :

q – फेरी बरोबर पाव कमी. मूळ किंमत पूर्ण, पण परीक्षक दर्जात कापतात.
< – पावपेक्षा जास्त, अर्ध्यापेक्षा कमी. किंमत ८० टक्के. क्वाड लुट्झ ११.५० वरून ९.२०.
<< – अर्धी फेरी किंवा त्याहून जास्त कमी. मग ती उडी खालच्या इयत्तेची धरतात. क्वाड लुट्झ असेल तर ट्रिपल लुट्झ, ५.९०.
e – चुकीच्या कडेवरून उडी. किंमत ८० टक्के.
! – कड संशयास्पद. किंमत तीच, दर्जात फटका.
F – पडणे.

e आणि ! ही चिन्हं लुट्झ आणि फ्लिप या दोघींपुढेच दिसतात. दोन्ही टो-पिक (ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दात) टोचून मारायच्या. लुट्झ डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवरून, फ्लिप आतल्या. लुट्झला येताना लांब वळणावरून येतात आणि फिरायचं असतं त्या वळणाच्या उलट. त्यामुळे शेवटच्या क्षणी घोटा आत पडतो आणि लुट्झची फ्लिप होते. ब्लेडच्या मधोमध पन्हळ असते, तिच्या दोन बाजू म्हणजे या दोन कडा. मंद गतीच्या चित्रणात टोचण्याच्या अगदी आधी घोटा कुणीकडे कलला ते पाहा, तांत्रिक मंडळही तेच पाहतं.

हे ठरवणारे लोक वेगळे आणि दर्जा देणारे नऊ परीक्षक वेगळे, हे लक्षात असू द्या. कोणती उडी, किती फेऱ्या, कोणती कड हे तांत्रिक मंडळ ठरवतं. नऊ जण फक्त −५ ते +५ देतात, त्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा टाकून सरासरी काढतात. एक पायरी म्हणजे मूळ किंमतीच्या दहा टक्के. जोडउडीत ती टक्केवारी त्यातल्या सगळ्यात महाग उडीवर लागते.

---

नवशिका_प्रेक्षक :

फारच उपयोगी, तिघांचे आभार. सिआओ इम फाच्या पत्रकात खाली −२ दिसतात. तो पडला म्हणून का?

---

बाहेरची_कड :

नाही, ती उलटी कोलांटी. बॅकफ्लिप तेव्हा बेकायदा होती, दंड २ गुण. त्याने ती माहीत असून मारली, जानेवारीत कौनासच्या युरोपियन स्पर्धेतही मारली होती. ते दोन कापून २०६.९० आहेत, आणि कापूनही ३.५४ शिल्लक.

१९७६ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये टेरी क्युबिकाने ती मारली, त्यानंतर बंदी आली. १९९८ ला नागानोत सुर्या बोनालीने दंड पत्करून मारली, तीही एका पायावर उतरवली. २०२४-२५ च्या मोसमापासून बंदी उठली. पण तिला स्वतःची मूळ किंमत नाही. म्हणजे पूर्वी दोन जायचे, आता काही जात नाही.

---

रिंककाठी :

सगळे पुरुषांवरच थांबलेत, म्हणून बाकीच्या तीन प्रकारांचं. कारण तिथेही हाच शॉर्ट विरुद्ध फ्रीचा खेळ झाला, काही ठिकाणी उलट्या बाजूने.

महिला : लोएना हेंड्रिक्स शॉर्टनंतर ७६.९८ वर पहिली, काओरी साकामोतो ७३.२९ वर चौथी. फ्रीमध्ये साकामोतोला १४९.६७. एकूण २२२.९६ आणि सुवर्ण. इझाबो लेव्हिटो २१२.१६, किम चेयॉन २०३.५९. हेंड्रिक्स २००.२५ वर चौथी. साकामोतोचं हे सलग तिसरं (२०२२, २३, २४), महिलांत असं याआधी पेगी फ्लेमिंगने १९६६-६८ मध्ये केलं होतं. तिच्याकडे ना क्वाड, ना ट्रिपल अ‍ॅक्सल. तिची ३.३० किंमतीची डबल अ‍ॅक्सल बघा : उडीआधी वेग कमी करत नाही, उंचीपेक्षा लांबी जास्त, आणि उतरल्यावरचा वेग चढतानाइतकाच. परीक्षकांचे वरचे आकडे त्या वेगाला असतात.

जोड्या : डिआना स्टेलाटो-डूडेक आणि मॅक्सिम देशाँ, २२१.५६, यजमान कॅनडा. फ्री मात्र जपानच्या मिउरा-किहारा यांनी जिंकली, १४४.३५ विरुद्ध १४४.०८. पण शॉर्टमधले ३.९५ त्यांना भरून काढता आले नाहीत. स्टेलाटो-डूडेक तेव्हा ४० वर्षांची, जागतिक सुवर्ण जिंकणारी सर्वांत वयस्कर महिला. २००० मध्ये ती एकेरीत ज्युनियर जागतिक रौप्य घेऊन मग खेळातूनच बाहेर पडली होती. कांस्य जर्मनीच्या हासे-व्होलोदिनना.

आइस डान्स : चॉक-बेट्स २२२.२०, गिलिस-पोइरिए २१९.६८, ग्विन्यार-फाब्री २१६.५२. इथेही फ्री डान्स दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीने जिंकला, १.०५ ने. रिदम डान्समध्ये (डान्समधला शॉर्ट म्हणा) ३.५७ मागे पडले होते, तिथेच सुवर्ण गेलं. डान्समध्ये मोठ्या उड्या नसल्याने एका फटक्यात दहा गुण भरून काढायला काही हत्यारच नाही. एकोणिसाव्यावरून तिसरं डान्समध्ये होणार नाही.

---

गुणपत्रक_वाचक :

@अर्धी_फेरी, मान्य, वाक्य ढिलं होतं.

@रिंककाठी, शेवटच्या मुद्द्याला जोडून माझी तक्रार. पुरुषांच्या फ्रीमध्ये कलागुणांना छत आहे : तीन घटक, प्रत्येकी दहा, गुणिले ३.३३, म्हणजे जास्तीत जास्त ९९.९०. तांत्रिक बाजूला छत नाही. सहा क्वाडवाला आणि तीन क्वाडवाला यांच्यात उड्यांमध्येच वीसेक गुणांची दरी पडते. ती कलेने भरायची तर सहा क्वाडवाल्याला कलागुण खूपच कमी मिळायला हवेत, आणि वरच्या सहांत परीक्षक तेवढं अंतर ठेवतच नाहीत.

---

अर्धी_फेरी :

छत आहे म्हणून नव्हे, परीक्षक आकडे दाबून ठेवतात म्हणून. ०.२५ च्या पायऱ्यांनी ८.७५ आणि ९.२५ च्या मध्येच सगळे रांगेत उभे करायचे, मग कलेचा फरक दिसणार कुठून? नियम बदलायची गरज नाही, पट्टी पूर्ण वापरा.

@नवशिका_प्रेक्षक, पुढच्या वेळी थेट प्रक्षेपण पाहताना कोपऱ्यातले छोटे चौकोन बघत राहा. हिरवा म्हणजे त्या घटकाला दर्जाचे अधिक, लाल म्हणजे उणे, पिवळा म्हणजे तांत्रिक मंडळ ती उडी पुन्हा बघणार आहे. पिवळे दोन-तीन असतील तर शेजारचा तांत्रिक आकडा कच्चा समजा. गुण जाहीर होताना तो बहुतेक वेळा खाली येतो.