मदत हवी आहे: टॅक्स क्रेडिट बाँड आणि मेट्रोचा खर्च (अमेरिका)

नमस्कार मंडळी,
न्यू जर्सीत शहरनियोजन शिकतेय. मंगळवारी वर्गात सार्वजनिक वाहतुकीसाठीच्या टॅक्स क्रेडिट बाँडवर बोलायचंय. पुणे मनपाने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले होते, माझं रोख्यांचं ज्ञान तेवढंच. तेव्हा चुकलं तर बिनधास्त कान धरा.

मला कळलंय ते असं. इथली शहरं-राज्यं एरवी जे बाँड काढतात त्यांचं व्याज करमुक्त असतं, म्हणून ते कमी दरात खपतात. टॅक्स क्रेडिट बाँडमध्ये गुंतवणूकदाराला व्याजाऐवजी किंवा व्याजाच्या जोडीला केंद्र सरकार करात सूट देतं. २००९ च्या बिल्ड अमेरिका बाँडमध्ये ही सूट व्याजाच्या ३५ टक्के होती. पण त्यातच दुसरी सोय होती: तेच ३५ टक्के बाँड काढणाऱ्या संस्थेला रोख द्यायचे. न्यूयॉर्कची मेट्रो-बस चालवणाऱ्या एमटीए या संस्थेने हीच घेतली, आणि बहुतेक सगळ्यांनीच. १०० डॉलरवर ५ डॉलर व्याज दिलं की १.७५ परत, पदरचे ३.२५.

इथे अडलेय. या बाँडचं व्याज करपात्र, म्हणजे ३५ टक्के कर भरणाऱ्याच्या हाती ५ मधले ३.२५ च उरतात; त्याला एरवीच्या बाँडचे करमुक्त ३.२५ सुद्धा पुरतात. मग एवढा खटाटोप कशाला? आणि करसूट कुणालाच का नको होती?

प्रतिसाद १
गोम २५ टक्के कर भरणाऱ्यात आहे. त्याला करमुक्त ३.७५ लागतात. सगळे करमुक्त बाँड खपवायचे तर त्यालाही ओढावं लागतं, म्हणून त्यांचा दर ३.७५ वर जातो. ३५ टक्केवाल्याला अर्धा डॉलर फुकट. त्याच्याकडून केंद्राचा कर बुडतो १.७५, संस्थेचे ५ च्या जागी ३.७५ देऊन वाचतात १.२५. शिवाय पेन्शन फंडांना कर नसतोच, त्यांना करसूट घेऊन काय करायचंय? ५ डॉलर रोख व्याज मात्र चालतं.
पण एक स्लाइड धोक्यावर ठेव. ही योजना २०१० अखेर संपली, आणि २०१३ पासून केंद्राच्या खर्चकपातीत जुन्या बाँडवर संस्थांना मिळणाऱ्या त्या ३५ टक्के रोख अनुदानालाही कात्री लागली. २०१७ च्या करकायद्याने तर नवे टॅक्स क्रेडिट बाँड काढणंच बंद केलं.

धागाकर्ती
अर्धा डॉलर फुकट! हे आमच्या पुस्तकात चार पानं खातं. खूप आभार.
पण म्हणजे गुंतवणूकदाराचे ५ डॉलर ठरलेले आणि संस्थेचे १.७५ बेभरवशाचे? अशा वेळी मुदतीआधी बाँड फेडून मोकळं होता येतं का?