प्रतिसाद: नोकरी सोडून लिहून काय मिळवलं?

तुम्ही विचारलंत, की चांगली नोकरी सोडून लोकशाहीवर लिहून काय बदलणार, मत तर पाच वर्षांतून एकदाच द्यायचं. मी तीन वर्षांपूर्वी मुंबईतली बँकेची नोकरी सोडून देवगडजवळच्या गावी आलो. बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले याच तालुक्यातलं. ६ जानेवारी १८३२ला त्यांनी 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं, तेव्हा मत द्यायचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांना लिहावंसं वाटलंच ना?

मी लिहितो ते ग्रामसभेबद्दल. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला घटनेत जागा मिळाली. प्रत्यक्षात काय होतं बघा. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातली कमी संख्या लागते. १ मेच्या सभेला अर्धा गाव आंबा काढण्यात, पेट्या भरण्यात. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग वीस-बावीस माणसं मिळून सगळ्या गावाचा खर्च ठरवतात. मतदार यादीतले चाकरमानी तर गणपतीला आणि शिमग्यालाच येणार.

हे मला नोकरीत असताना ठाऊक नव्हतं. ग्रामसभेच्या इतिवृत्ताची, म्हणजे सभेत काय ठरलं त्या नोंदीची, प्रत मिळवायला मला चार महिने हेलपाटे घालावे लागले. ती छापल्यावर शेजारची काकी विचारायला आली, "महिलांची सभा आधी घ्यायची असते, हां खरां?" पुढच्या वेळी ती आठ जणींना घेऊन गेली. पगाराची आठवण येते, घरखर्च जड जातो. पण त्या आठजणी पुन्हा सभेला जाणार आहेत, आणि मीही तिथे वही घेऊन बसणार आहे.