मदत हवी आहे: सीओईपीत मेटलर्जी की खाजगी विद्यापीठात कॉम्प्युटर? हिशेब तपासून द्या

वाळव्याचा मामा

नमस्कार मंडळी. भाचीच्या इंजिनिअरिंग प्रवेशावरून घरात दोन तट पडलेत आणि मला पंच नेमलंय. मी सूतगिरणीत अकाउंट्स बघतो, आकडेमोड जमते, पण कुठले आकडे खरे धरायचे तेच कळेना.

कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत तिला पुण्याच्या सरकारी सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात मेटलर्जी (धातुशास्त्र) लागलंय. ओबीसीतून, पाचवा पर्याय. दुसरीकडे पुण्याजवळचं एक खाजगी विद्यापीठ (नाव नको) कॉम्प्युटर द्यायला तयार आहे, शेपटीला 'एआय' लावलेलं. तिथून रोज फोन येतो, "सीट होल्ड केलीय, उद्यापर्यंत पन्नास हजार भरा." फी वर्षाला साडेतीन लाख, होस्टेल-मेस दीड लाख. चार वर्षांचे झाले वीस लाख, दरवर्षीची वाढ सोडून.

दाजी साखर कारखान्यात आहेत, ताई शिलाईकाम करते, थोडी जमीन आहे. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला साडेसहा लाखांचा. दाजींचं म्हणणं, १८५४ पासूनचं कॉलेज आहे, विश्वेश्वरय्या तिथलेच, डोळे झाकून घ्या. ताई म्हणते, विश्वेश्वरय्यांना कॅम्पस प्लेसमेंटला बसावं लागलं नव्हतं. आणि भाची म्हणते, "मामा, मला भट्टीपुढं उभं राहायचं नाही, मला कोडिंग करायचंय."

तर सीओईपीत आम्हाला प्रत्यक्ष खिशातून किती जातील? पगाराचा कुठला आकडा विश्वासाचा? आणि खाजगीत जास्तीचे पैसे घातले तर ते निघतात का? 'तिला तिच्या मनासारखं करू द्या' हा सल्ला घरात मुबलक आहे, तो नको.

हिशेबनीस

आधी फीचं सांगतो, कारण यात तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही धरलेलीच दिसत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के प्रतिपूर्ती मिळते. पूर्वी ती ५० टक्के होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. तुम्ही दोन्हीत बसता.

आता मेख. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. म्हणजे साध्या खाजगी कॉलेजात कॅपमधून गेली असती तरी फी माफ झाली असती, पण खाजगी *विद्यापीठात* एक रुपया मिळणार नाही. फोन करणारा हे सांगणार नाही. त्याला कमिशन मिळतं.

सीओईपीत विकास शुल्क, इतर फुटकळ शुल्कं, होस्टेल, मेस, पुस्तकं हे तुमच्या खिशातून. पुण्याचा खर्च धरून वर्षाला सव्वा लाख बाजूला काढा, चार वर्षांत पाच लाख. महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, त्यात आळस नको.

खडकीचा बाबूराव

कॉम्प्युटर घ्या. बाकी सगळं बकवास.

आत्याबाई

बाबूराव, तुमचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे अभ्यासपूर्ण :)

मामा, मी एका कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसात बरीच वर्षं काढलीत, म्हणून पगाराबद्दल लिहिते. 'हायेस्ट पॅकेज' हा आकडा जाहिरातीचा असतो. एका पोराला परदेशातली ऑफर आली की पुढची तीन वर्षं तो फ्लेक्सवर झळकतो. 'अॅव्हरेज'सुद्धा तो एकटा पोरगा वर ओढतो. बघायचा तो मध्यक पगार: निम्म्यांना त्याच्यापेक्षा जास्त, निम्म्यांना कमी. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी प्रत्येक संस्थेला ही माहिती भरावी लागते आणि ती संस्थेच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात प्रवेश किती, ठरलेल्या मुदतीत पदवी घेतलेले किती, नोकरी लागलेले किती, मध्यक पगार किती आणि पुढे शिकायला गेलेले किती हे सगळं एका तक्त्यात असतं. दोन्ही संस्थांचा तक्ता शेजारी शेजारी ठेवा.

पण तो तक्ता वाचतानाही डोकं जाग्यावर ठेवा. मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. शंभरातल्या चाळीस जणांनाच लागली असेल तर तो त्या चाळीसांचा मध्यक, बाकीचे साठ हिशेबातच नाहीत. शिवाय आकडा सगळ्या शाखांचा मिळून असतो. सीओईपीचा मध्यक चांगला दिसेल, पण त्यात कॉम्प्युटरची मुलं आहेत आणि तुमची भाची मेटलर्जीत जाणार. तिकडच्या खाजगी विद्यापीठात कॉम्प्युटरच्या तुकड्याच इतक्या की तो आकडा त्यांचाच असतो. म्हणून शाखेनुसार यादी मागा. सीओईपीत सिनियर मुलं सांगतात. खाजगीवाल्यांना लेखी मागा, ईमेलवर. देत नसतील तर तेच उत्तर समजा.

आणि पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. त्यात मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी दोन वर्षांनी मिळणारा बोनससुद्धा मोजतात. सहा लाखांचं पॅकेज म्हणजे हातात महिन्याला चाळीस-बेचाळीस हजार. मोठ्या आयटी कंपन्यांची सरसकट भरती अजून साडेतीन लाखांच्या आसपासच आहे, आणि खाजगी विद्यापीठाच्या 'प्लेस्ड' यादीतला मोठा गठ्ठा तिथलाच असतो.

ओतकाम

मेटलर्जीवाला बोलतो. सीओईपीचा नाही, पण शाखा तीच. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुरुवात केली. भाचीला भट्टीचं भय वाटतं ते खोटं नाही. सकाळी पहिल्या हीटचा (वितळलेल्या धातूच्या खेपेचा) नमुना घेऊन स्पेक्ट्रोवर (घटक मोजणाऱ्या यंत्रावर) लावायचा, कार्बन-सिलिकॉन बघायचं, तोवर ओतणारे पोरं 'साहेब, लवकर' म्हणून मागे उभे. मे महिन्यात शर्ट पिळून निघतो. पगार सुरुवातीला कमी, पाच-सात वर्षांनी अनुभवाला चांगला भाव येतो, पण मधला काळ चिवटपणाचा.

मात्र सीओईपीतून बाहेर पडणारे सगळेच भट्टीवर जात नाहीत. गेट (इंजिनिअरांची देशपातळीवरची परीक्षा) देऊन सेलसारख्या सरकारी पोलाद कंपनीत जाणारे आहेत, एमएसला बाहेर जाणारे आहेत, आणि मेटलर्जी शिकून अॅनालिटिक्समध्ये गेलेले तर माझ्याच ओळखीत आहेत. कोडिंग स्वतः शिकता येतं, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या स्वतः बोलावता येत नाहीत. बऱ्याच कंपन्या सगळ्या शाखांना बसू देतात, तेवढं मात्र खात्री करून घ्या. मुलीला विषयाचा मुळातच तिटकारा असेल तर वेगळं. चार वर्षं फेज डायग्राम काढून कंटाळलेली पोरं बॅकलॉग घेऊन बसतात, मग सीओईपीचं नावही कामाला येत नाही.

हिशेबनीस

आता तुमचे जास्तीचे पैसे: खाजगीचे वीस उणे सीओईपीचे पाच, म्हणजे पंधरा लाख. ते कर्जाऊ घेणार असं धरतो.

दरवर्षी ३.७५ लाख उचल, व्याज १० टक्के, शिक्षणाची चार वर्षं अधिक एक वर्ष हप्ता नाही, तोवर सरळव्याज. पाचव्या वर्षाअखेर व्याज ५.२५ लाख, म्हणजे देणं २०.२५ लाख. दहा वर्षांची परतफेड केली तर हप्ता महिन्याला साधारण २६,७५० रुपये. वर्षाचे ३ लाख २१ हजार. याचा अर्थ, खाजगी कॉम्प्युटरमधून तिला सीओईपी-मेटलर्जीपेक्षा *हातात* वर्षाला सव्वातीन लाख जास्त मिळायला हवेत, तेही सलग दहा वर्षं, तेव्हा कुठे बरोबरी. सहा लाखांचं पॅकेज लागलं तर हप्ता भरून पंधरा हजार उरतात. पुण्यात खोलीचं भाडं आणि डबा, संपलं. साडेतीन लाखांचं लागलं तर हप्ता दाजींच्या पगारातून.

आणि साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात. तुमच्याकडे तारण म्हणजे ती थोडी जमीन. पीएम विद्यालक्ष्मीत विनातारण कर्ज मिळतं, पण संस्था त्यांच्या यादीत हवी आणि प्रवेश गुणवत्तेवर झालेला हवा. तुमचं ते विद्यापीठ यादीत आहे का, आधी बघा.

वाळव्याचा मामा

हिशेबनीस, तुमचा सव्वातीन लाखांचा आकडा दाजींना वाचून दाखवला. जमीन हा शब्द आल्यावर ताईसुद्धा गप्प झाली. पण भाचीचा मुद्दा राहतोच. ओतकाम यांनी लिहिलेलं तिनेही वाचलं. विषयाचा तिटकारा नाही म्हणते, पण ओढही नाही.

कृष्णाकाठ

मला एक कळत नाही. सरकारी मेटलर्जी आणि खाजगी कॉम्प्युटर हे दोनच रस्ते कुणी ठरवले? तुम्ही वाळव्याचे. सांगलीचं वालचंद अनुदानित आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर तुमच्या अंगणात. वालचंदला कॉम्प्युटर आहे, कराडला आयटी आहे, आणि फी माफी दोन्हीकडे लागू. ती पसंतीक्रमात होती का?

वाळव्याचा मामा

नव्हती! पोरीने फक्त पुण्याची कॉलेजं भरली होती. मैत्रिणी सगळ्या पुण्याला निघाल्यात.

कृष्णाकाठ

वाटलंच. मग तिसऱ्या फेरीसाठी पर्याय नव्याने भरा. सीओईपीची जागा स्वीकारा, पण फ्रीज (कायम) करू नका, बेटरमेंटला (आणखी चांगल्या जागेसाठी पुढच्या फेरीत) जा. वरची जागा नाही मिळाली तर मेटलर्जी शाबूत राहते. मिळाली तर मात्र मेटलर्जी गेली, परत मागता येत नाही. २०२५ पासून नियम असा आहे की तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांपैकी काहीही मिळालं की ते आपोआप फ्रीज होतं. म्हणून मेटलर्जीपेक्षा खरोखर जास्त हवे आहेत तेवढेच पर्याय भरा. 'बघू, भरून ठेवू' म्हणून एकही नको. गेल्या वर्षीचे ओबीसी मुलींचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर आहेत, तिची पर्सेंटाइल त्याच्याशी ताडून बघा.

आत्याबाई

आणि कराडला घरून ये-जा झाली तर ते वर्षाचे सव्वा लाखही निम्म्यावर येतील. मात्र कराडच्या कॅम्पसला कुठल्या कंपन्या येतात ते तिथल्या आयटीच्या मुलांना विचारा. पुण्याइतक्या येणार नाहीत हे धरूनच चाला.

वाळव्याचा मामा

सगळ्यांचे आभार. वालचंद कॉम्प्युटर, वालचंद आयटी, कराड आयटी एवढेच तीन भरायचे ठरलंय. खाजगीवाल्यांच्या फोनला आता दाजी स्वतः उत्तर देतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक शेवटचं: उत्पन्न दाखला आहेच, मग नॉन क्रिमिलेअर पुन्हा कशाला मागतात?

हिशेबनीस

दोन्ही वेगळे. नॉन क्रिमिलेअर आरक्षित जागेसाठी, त्यात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. उत्पन्न दाखला फी माफीसाठी, त्यात सगळं मोजतात. जात वैधता प्रमाणपत्र तिसरं. नॉन क्रिमिलेअरची मुदत तपासा, पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. नसेल तर उद्याच सेतू केंद्रात जा, फेरीच्या आठवड्यात तिथे रांग असते.